वेळ कुठून आणायचा? : आश्विनातल्या मुलांवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत लहान मुलांसोबत काय काय करता येईल, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघंही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत, त्यात मिस्टरांची शिफ्ट बदलती. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर घर, अंगण नाही, सासू-सासरे गावी. मुलं सात आणि तीन वर्षांची. तुम्ही म्हणता, "भोंडला, किल्ला, फुलांच्या माळा हे ज्यांना निवांतपणा आहे त्यांचे चोचले. आम्ही घरी पोचतो तेव्हा अंधार पडलेला असतो. त्यात डेंग्यूची साथ, तोंडावर सहामाही, आणि तुम्ही सांगता मुलांना बाहेर काढा!"

अंधाराचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि दिवाळीपर्यंत तो सहावर येतो. कामावरून घरी येणाऱ्या आईच्या वाट्याची संध्याकाळ या दोन महिन्यांत संपूनच जाते. तेव्हा "संध्याकाळी मुलांना घेऊन गोदाकाठी जा" असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण वेळ कुठून आणायचा, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की तो आणायचाच नाही. या दिवसांत घरात जी कामं येतातच, त्यांतला खरा वाटा मुलांच्या हातात द्यायचा. माझ्या लेखातला जीव तेवढाच होता. भोंडला आणि किल्ला पुढचे.

कामं काही कमी नसतात. पावसाळाभर ओल धरलेल्या गाद्या-रजया उन्हात टाकायच्या. कपाटाचा कुबट वास घालवायचा. डाळी-कडधान्यांना ऊन दाखवायचं, नाहीतर हरभऱ्यात सोंडे झालेच म्हणून समजा. माळा उपसायचा, देवाची भांडी चिंचेने घासायची. ऑक्टोबरमध्ये नाशकात दुपारी घाम फुटतो आणि पहाटे पायाशी पांघरूण शोधावं लागतं, म्हणजे स्वेटरही बाहेर काढायचे. हे तुमच्याकडे होतं, माझ्याकडे होतं, अंगण असणाऱ्याकडे होतं आणि नसणाऱ्याकडेही. फरक एवढाच की बहुतेक घरांत या वेळी मुलांना मोबाईल देऊन आतल्या खोलीत बसवतात, काम पटकन उरकावं म्हणून.

आमच्या घरचंच सांगते. स्वेटरची बॅग उघडली की थोरली गेल्या वर्षीचा लाल स्वेटर घालून बघते. डोकं अडकतं, ओढून बाहेर येतं, आणि बाह्या मनगटाच्या चांगल्या वर राहतात. मग ती स्वतःच तो काढते, नीट घडी घालते आणि धाकट्याच्या कप्प्यात नेऊन ठेवते. धाकटा तो लगेच घालतो. हात बाह्यांच्या आत हरवतात आणि दुपारच्या उन्हात घामाघूम होईपर्यंत तो काढू देत नाही. मला बॅग लावायचीच होती. थोडा जास्त वेळ लागला, एवढंच.

जास्त वेळ लागतो, हे मी लपवत नाही. मूल हाताशी असलं की अर्ध्या तासाचं काम तासावर जातं. म्हणून माझं म्हणणं आहे की रविवारी एकच काम धरा. सगळी दिवाळीची सफाई मुलांसोबत करायला गेलात तर संध्याकाळपर्यंत घरात रडारड होईल, त्यांची आणि आपलीही. तीन वर्षांच्या मुलाकडून दहा मिनिटांची अपेक्षा ठेवा. त्याला परातीत राजमा आणि वाल एकत्र करून द्या, तो वेगळे करत बसतो. फक्त दाणा नाकात-तोंडात जाणार नाही म्हणून तुम्ही समोर बसा. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: काम खरं असू द्या. निवडलेले वाल त्याच दिवशी भिजत घाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात उसळ वाढताना सांगा की हे तू निवडलेस. खोटं काम मुलांना लगेच ओळखू येतं आणि त्याने ती खट्टू होतात.

तुमच्या 'चोचले' शब्दाबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण तो मला लागला. माझं माहेर पिंपळगाव बसवंतजवळच्या एका खेड्यातलं. तिकडे ऑक्टोबर म्हणजे द्राक्षांची छाटणी. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी घडांसाठी. छाटणीपाठोपाठ काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, फुटीसाठी औषधाची पेस्ट लावायची, मग फूट निघाली की आपले डोळे आभाळाकडे; परतीचा पाऊस रेंगाळला की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. माल हातात यायला तिथून चार-एक महिने. म्हणजे दिवाळीला बागेचा पैसा नसतोच, मका आणि सोयाबीन विकून सण करायचा. या दिवसांत माझ्या आईला निवांतपणा नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. पहाटे चूल पेटायची आणि दुपारपर्यंत मजुरांची भाकरी, चहा, पाणी.

तरी आम्हा भावंडांना त्या गडबडीत जागा होती. छाटलेल्या काड्या गोळा करून बांधावर नेणं आमच्याकडे, पाण्याच्या कळशीवर झाकण आहे का ते बघणं माझ्याकडे. पेस्टच्या बादलीजवळ मात्र जायचं नाही. ते औषध विषारी असतं आणि आई त्याबाबतीत फार कडक होती; पेस्टिंगच्या दिवशी आम्हाला ओट्यावरून खाली उतरू द्यायची नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे मी तिथे शिकले. आणि इथेच हेही स्पष्ट करते की पेठ-सुरगाण्याकडून बागांवर येणाऱ्या मजुरांच्या मुलांना शाळा बुडवून राबावं लागतं, त्याला मी वाटा म्हणत नाही. ते मुलांवर लादलेलं पोटाचं ओझं आहे आणि ते थांबायलाच हवं. मी बोलतेय ते शाळेतून आलेल्या, पोटभर जेवलेल्या मुलाने आपल्या घराला लावलेल्या हाताबद्दल.

आता डेंग्यू. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पावसाळा सरताना आणि त्यानंतरचे काही आठवडे ही साथ जोर धरते. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-एक तास आणि मावळतीच्या आधीचे काही तास जास्त. म्हणजे मुलं शाळेत जायला निघतात ती वेळ आणि खेळायला उतरतात ती वेळ. तुमची भीती रास्त आहे. मुलं खाली उतरणार असतील तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, मोजे, आणि उघड्या अंगाला मुलांच्या वयाला चालणारं डास पळवणारं क्रीम. यात कंटाळा करून चालत नाही.

पण मुलांना घरात कोंडून ही भीती जात नाही, कारण हा डास घरातच राहतो. पलंगाखाली, पडद्यामागे, दारामागे टांगलेल्या कपड्यांत, जिथे अंधार आणि गारवा असेल तिथे तो बसतो. आणि अंडी घालतो ती गटारात नव्हे, साठलेल्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, न पुसता ठेवलेला कूलर, गच्चीवरचं टायर, झाकण नीट न बसणारा ड्रम. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांड्याच्या कडा आतून घासाव्या लागतात. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात.

आमच्याकडे रविवारी सकाळी हे काम थोरलीचं असतं. तिच्या हातात टॉर्च असतो. ड्रमचं झाकण मी उघडते, ती प्रकाश टाकते आणि श्वास रोखून बघते. अळ्या असतील तर प्रकाश पडताच पाण्यात तिरप्या वळवळत खाली जातात आणि थोड्या वेळाने श्वासासाठी पुन्हा वर येऊन उलट्या लटकतात. एकदा बघितलं की मूल ते विसरत नाही. तिने ते बघितल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक कुंडीखाली तिचं लक्ष असतं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना ती "आजी, ताटलीत पाणी आहे" असं बिनदिक्कत सांगून येते. तुमच्या सात वर्षांच्या मुलाला हे काम नक्की जमेल. तीन वर्षांच्याला मात्र ड्रमपासून लांबच ठेवा, वाकून तोल जातो.

ताप आलाच तर अंगावर काढू नका. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल चालतं, पण ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला की सुटलो असं समजू नका. डेंग्यूत धोक्याचे दिवस बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

सहामाहीबद्दल फार लिहीत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाची परीक्षा ही घराला वेठीला धरण्याइतकी मोठी गोष्ट नाही, असं माझं ठाम मत आहे. सात वर्षांच्या मुलाने रोज थोडं वाचलं, थोडं लिहिलं आणि वेळेवर झोपलं, एवढं पुरे.

भोंडल्याबद्दल तुम्ही दोन वाक्यांत जे लिहिलंत ते अधिक विचार करण्यासारखं आहे. सासुरवासाची गाणी आजच्या मुलींच्या तोंडी कशाला, आणि मुलग्यांनी तेवढा वेळ काय करायचं? मला गाणी टाकून द्यावीशी वाटत नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांना जे तोंड उघडून बोलता आलं नाही ते त्यांनी फेर धरून म्हटलं, असं मी मुलीला सांगते आणि ती "मग त्या माहेरी का नाही निघून गेल्या?" असं विचारते. त्या प्रश्नासाठी तरी गाणी राहावीत. मुलग्यांचं म्हणाल, तर आमच्या इमारतीत सगळेच फेर धरतात. सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो सप्टेंबरच्या शेवटी, म्हणून पाटावर हत्ती. तो रांगोळीने काढायला मुलगेच आधी धावतात. आणि खिरापत ओळखायला मुलगा-मुलगी काय? स्टीलचा डबा कानाशी हलवायचा. दाणे असतील तर खडखड, चिवडा असेल तर सळसळ, आणि आवाजच आला नाही तर शिरा. याला अंगण लागत नाही, जिन्याखालची मोकळी जागा पुरते. रात्री साडेआठलाही होतो. नऊही दिवस करायला हवा असं नाही, शनिवारी एक दिवस चार घरांनी मिळून केला तरी मुलांचा तो वर्षभराचा होतो.

नवरात्रातल्या कालिका देवीच्या यात्रेला तीन वर्षांच्या मुलाला घेऊन संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत त्याला माणसांचे फक्त गुडघे दिसतात. जायचंच असेल तर पहाटे जा, आणि त्याच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, "तिसऱ्या मजल्यावर किल्ला कुठे बांधू, डोक्यावर?" गॅलरीत बांधा. जुन्या प्लायचा हातभर तुकडा घ्या, खाली प्लॅस्टिक अंथरा. दोन-चार विटा किंवा दगड उभे-आडवे रचून त्यावर गोणपाट टाका. माती आधी चाळून, भिजवून दह्यासारखी पातळ करा आणि त्यात गोणपाट बुडवून मगच पसरा, म्हणजे सुकल्यावर माती निसटत नाही. बुरूज मुलांना हाताने थापू द्या, वाकडे झाले तर होऊ द्यात. कोणता किल्ला म्हणाल, तर लांब जायला नको. दिंडोरीच्या वाटेवरचा रामशेज आपलाच आहे. १६८२ पासून काही वर्षं त्याने मोगलांच्या फौजेला दाद दिली नाही. सात वर्षांच्या मुलाला तेवढी गोष्ट सांगितली की पुढचं तो स्वतः रचतो. मिस्टरांना ज्या आठवड्यात रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दुपारची झोप झाल्यावर मुलांचे बाबाच हे काम हातात घेऊ शकतात, माझ्या मते तर त्यांनीच घ्यावं.

किल्ल्यावर हिरवळीसाठी हळीव टाका, लवकर उगवतो. तो मातीवर नुसता भुरभुरायचा, वरून माती घालायची नाही आणि पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतलं तर दाणे वाहून बुरुजाच्या पायथ्याशी गोळा होतात. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी टाकलात तर दिवाळीत बोटाच्या पेराएवढा वर आलेला असेल. प्लायवर पाणी साठू देऊ नका, ते कशासाठी हे आता तुमच्या मुलालाही ठाऊक असेल. माती मिळत नसेल तर कळवा, माहेरहून आणलेली बागेतली एक गोणी माझ्याकडे आहे, त्यातली अर्धी तुम्हाला देईन.