तेलकट वसुली

पतसंस्थेच्या वसुलीला जाणाऱ्या माणसाचा चेहरा कोरडा, रापलेला आणि जमल्यास थोडा भीतीदायक असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात या मताला कुणी विचारत नाही. एप्रिलच्या उन्हात सांगली ते सावळज फिरती करून माझ्या नाकाचा शेंडा सोलवटला, तो बायकोच्या नजरेला पडला आणि आमच्याकडे तेलपर्व सुरू झालं.

"केमिकल काही लावायचं नाही," हा पहिला ठराव. तो एकमतानं मंजूर झाला, कारण मला मताधिकार नव्हता. पुढं मात्र फूट पडली. आई खोबरेलाची, बायको लाकडी घाण्यावरच्या तिळाच्या तेलाची. हरिपूरची आत्या तर थेट करंजतेल घेऊनच आली. करंजतेलाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्यानं सुखात राहावं. पूर्वी ते गुरांच्या खरजेला लावायचे. "गुरांना उतार पडायचा, तुला का नाही पडणार?" असं आत्या म्हणाली, त्यात माझ्याविषयीचं तिचं मतही उरकलं. पुण्याच्या मेहुणीनं रास्पबेरीच्या बियांच्या तेलाची बोटभर बाटली पाठवली. तिची किंमत ऐकून मी ती देवघरात ठेवली.

तेल थापून दुचाकीवर निघालं की माधवनगरपर्यंत माणूस तुकतुकीत असतो. बुधगावला धूळ बसते. कवलापूर येईतो धुळीवर चिलटं बसतात, आणि ती मग उठत नाहीत. घाम नि तेल मिळून डोळ्यांत उतरलं की समोरून एक ट्रॅक्टर येत असेल तर दोन दिसतात. मधल्या मोकळ्या जागेतून जायचा मोह आवरावा लागतो.

त्यात आईनं खोबरेलात हळद कालवली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचं, मानांकन मिळालं ते उगाच नाही, माझ्या शर्टांच्या कॉलरी आजही साक्षीला आहेत. एका थकबाकीदारानं दारातच हात जोडले. "हळद लागली व्हय सायेब? मग हप्त्याची घाई कशाला? आदी लगीन उरकू द्या की." माझी थोरली बारावीला आहे, हे ऐकायला तो थांबला नाही.

शेवटी सांगलीचा माणूस जातो तिथं गेलो, म्हणजे मिरजेला, त्वचेच्या डॉक्टरकडं. बाईंनी आधी माझ्या गालावरून एक बोट फिरवलं, ते निरखलं आणि हात धुऊन आल्या. मग शांतपणे सांगितलं, की प्रयोगशाळेत मोजलेला खोबरेलाचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, ७-८ च्या आसपास, तिळाच्या तेलाचा २ च्या घरात. तेही काचेच्या उपकरणात. चिलटं बसलेल्या चेहऱ्यावर नव्हे. ३० एसपीएफचं क्रीम भरपूर लावलं तर सुमारे ९७ टक्के त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण अडतात. चेहऱ्यामानेला दोन बोटं भरून घ्यायचं, उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. तेल अंगातली ओल टिकवतं, तेव्हा आंघोळीनंतर हातापायांना खुशाल चोळा. पण उन्हाची राखण त्याच्यावर सोपवू नका.

घरी हे सगळं मी फार जोरात सांगितलं. आईनं ट्यूब उलटसुलट केली, किंमत वाचली आणि खोबरेलाची बाटली पुढं सरकवली. बायकोनं तोडगा काढला: खाली क्रीम, वर तेल. युती सरकारात होतं तेच झालं. दोघांपैकी कुणीच काम करेना.

तशा अवस्थेत सावळजला एका बेदाण्याच्या शेडवर पोचलो. मालक द्राक्षं बुडवत होता. मान वर करून त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"त्याल लावलंय?"

"हो. उन्हासाठी."

"आमी बी लावतो. ह्ये बघा, डिपिंग ऑइल. संगट पोटॅशियम कार्बोनेट. सालीवरचं म्याण सुटतं, पानी भराभर उडतं, मग बेदाना हुतो." त्यानं वरच्या हिरव्या जाळीकडं बोट केलं. "पर त्याल लावल्यालं द्राक्ष आमी उनात न्हाई ठेवत सायेब. काळं पडतंय."

निघताना त्यानं शेडनेटचा उरलेला हातभर तुकडा माझ्या हातात दिला, हेल्मेटखाली बांधायला. हप्ता नाही दिला.