आजोबांची कवळी आणि जळालेला पायजमा

गेल्या महिन्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. एक आमच्या इंटर्नशिपच्या बॅचच्या ग्रुपवरून, एक नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून, आणि दोन अशा पेशंटांकडून ज्यांची मुलं बारावीला आहेत. परदेशी डेंटल कॉलेजसाठी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन, कसा लिहावा, याचे त्यात पाच मुद्दे आहेत. सुरुवात लहानपणीच्या दातदुखीने किंवा आजोबांच्या कवळीने करा. इंग्रजी भारदस्त वापरा. कॅम्प आणि सर्टिफिकेटं एकही गाळू नका. चूक, नापास, गॅप यांचा उल्लेख टाळा. आणि शेवटी, फार डोकं लावू नका, मार्क सोडून तिथे कोणी काही वाचत नाही.

पाचवा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा असेल तर पहिल्या चारांची गरजच काय? कोणी वाचणारच नसेल तर आजोबांना कशाला त्रास द्यायचा!

हा समज कुठून आला ते कळतं. आपल्याकडे बीडीएसला, म्हणजे डेंटिस्टच्या पदवीला, नीटचा रँक पुरतो, स्वतःबद्दल एक ओळ लिहावी लागत नाही. अमेरिकेचं गणित वेगळं आहे. इथून बीडीएस करून तिथे प्रॅक्टिस करू पाहणारे बहुतेक जण अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगला जातात, म्हणजे कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं शिकतात. त्या प्रवेशासाठी अनेक कॉलेजं आयएनबीडीई ही तिथली डेंटिस्टांची राष्ट्रीय परीक्षा मागतात आणि तिचा निकाल पास किंवा नापास एवढाच लागतो. पास झालेल्याला मार्क कळवतच नाहीत. बीडीएसचे मार्क बघतात, ते मी नाकारत नाही. पण सारख्याच मार्कांच्या ढिगातून मुलाखतीला आणि बेंच टेस्टला, म्हणजे हातकामाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, कोणाला बोलवायचं हे ठरवताना शिफारसपत्रं आणि तुमचा तो पानभर मजकूरच समोर असतो. मुलाखतीत प्रश्नही त्यातूनच निघतात.

आता आजोबा. २००७ साली ब्रिटनमधल्या पदवी प्रवेशांचे अर्ज घेणाऱ्या यूकास या संस्थेने सुमारे ५०,००० अर्जांमधली निवेदनं एकमेकांशी ताडून पाहिली. २३४ जणांनी आठव्या वर्षी प्रयोग करताना पायजमा जाळून त्याला भोक पाडल्याची हकीकत लिहिली होती. १७५ जणांच्या निवेदनात म्हातारे किंवा आजारी आजोबा होते. एवढे पायजमे जळाले असते तर अग्निशमन दलाला कळलं असतं. तेव्हापासून यूकास प्रत्येक निवेदन सॉफ्टवेअरमधून काढते आणि साम्य जास्त दिसलं तर कॉलेजांना कळवते. शिवाय २०२६च्या प्रवेशापासून तिथे सलग निबंधच राहिलेला नाही. तीन प्रश्न असतात: हा कोर्स का, शिक्षणातून काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. बारावीच्या पालकांनी फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी एवढं तरी बघावं.

आजोबांवर बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या वडिलांची कोपरीत डेंटल लॅब आहे. मेण आणि प्लास्टरच्या वासात तो वाढलाय, मापात चूक झाली की कवळी कशी परत येते हे त्याने पाहिलंय. त्याने कवळीवरच लिहावं. पण ज्यांना आजोबा फक्त एसओपीपुरते आठवतात, त्यांच्या आजोबांना तोंडच नसतं.

नवी मुंबईतल्या एका ज्युनिअरचा मसुदा वाचला, त्यातही आजोबा होते. मी म्हटलं, हे राहू दे, ओपीडीत गेल्या महिन्यात काय झालं ते सांग. ती म्हणाली, "काही विशेष नाही हो ताई." मग बोलता बोलता निघालं. वाशीच्या भाजी मार्केटमधले एक माथाडी काका दाढ काढायला आले होते. तोंडात दोन बोटंसुद्धा जाईनात. ओएसएमएफ. सुपारीने गालाचं आतलं अस्तर पांढरं पडून ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. हिने त्यांना गुटख्यावर चांगलं लेक्चर दिलं, काकांनी मान हलवली आणि पुढच्या व्हिजिटला खिशात पुडी. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी मिळतेच. मग हिने विचारलं, पहिली पुडी कधी फोडता? रात्री दोनला, गाड्या खाली करताना, झोप येऊ नये म्हणून. आपण व्यसनावर बोलत होतो आणि काका झोपेवर, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. ही गोष्ट तिच्या मसुद्यात कुठेच नव्हती, कारण चुका लिहू नका असं फॉरवर्डमध्ये होतं!

इंग्रजीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका मसुद्यात 'पॅशन' सात वेळा होतं. मुलाखतीत तुम्ही जसं बोलाल त्याच्या जवळपासचं लिहा, नाहीतर लिहिणारा आणि बोलणारा दोन वेगळी माणसं वाटतात.

कॅम्पचंही तसंच. अर्जात अनुभवांसाठी वेगळे रकाने असतात, तिथे असतील तेवढे सगळे भरा. तीच यादी निवेदनात पुन्हा उतरवली तर जागा वाया जाते. शहापूरच्या आश्रमशाळेत घरातल्या चौघांत एकच ब्रश असल्याचं एखाद्या मुलाने सांगितलं असेल, तर तो एक कॅम्प पुरे.

राहिला गॅप. तो लपत नाही, कारण पदवी आणि नोकरी दोन्हींच्या तारखा अर्जात भराव्याच लागतात. उरलेले महिने वाचणारा मोजतोच. रडगाणं नको, पण वडिलांच्या आजारपणात वर्ष गेलं असेल किंवा थर्ड इयरला एक विषय राहिला असेल तर दोन ओळीत सांगा आणि पुढे काय केलंत ते लिहा. त्या ज्युनिअरचाही आठ महिन्यांचा गॅप होता. तिने तो काकांच्या गोष्टीनंतरच्या परिच्छेदात दीड ओळीत उरकला.