सहा आठवड्यांत अरबी? जरा थांबा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘कैरोला (इजिप्त) किंवा अम्मानला (जॉर्डन) सहा आठवडे तिथल्या कुटुंबाच्या घरात राहून अरबी शिका, दुबईत नोकरी पक्की.’ बऱ्याच पालकांनी विचारलं, म्हणून हा खुलासा. (हा शब्दही मूळचा अरबीच, तिकडे त्याचा अर्थ ‘सार’.)

असे निवासी अभ्यासक्रम खरोखर असतात, चांगलेही असतात. सकाळी वर्ग, दुपारनंतर बाजार, संध्याकाळी यजमान कुटुंबाबरोबर जेवण. पण सहा आठवड्यांत लिपी आणि जुजबी बोलणं जमतं, एवढंच. अमेरिकेच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी सरकारी संस्था अरबीसाठी सुमारे 2200 तासांचे वर्ग धरते.

दुसरी गोम मोठी आहे. वर्गात बहुधा शिकवतात ती फुस्हा, म्हणजे वर्तमानपत्राची अरबी. रस्त्यावर बोलतात ती आम्मिया, आणि ती गावागणिक बदलते. ‘काय?’ हे फुस्हात ‘माझा’, कैरोत ‘एह’, अम्मानला ‘शू’. आपल्या कानडीमिश्रित मराठीला पुणेकर बिचकतात, त्याहून हे अंतर कितीतरी जास्त. कैरोची बोली सिनेमांमुळे दुबईत समजते, पण तिथल्या कामावर हिंदी-इंग्रजीवरही पुष्कळ भागतं.

आणि नोकरी? अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र म्हणजे कामाचा व्हिसा नव्हे. तो मालकामार्फत निघतो. परदेशी नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते आधी बघा. पैसे नंतर.