फुले वाडा मोठा करा, पण पेठेला बाहेर काढून नको

पुण्यात पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवतो, आगाखान पॅलेस दाखवतो, सारसबागेत नेतो, पण गंज पेठेतल्या फुले वाड्यात किती जण नेतात? मला हे मनापासून खटकतं. वाडा म्हणतात खरं, पण आहे ते कौलारू बैठं घर, लाकडी खांब, आत जोतीरावांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं आणि बाहेर पाऊल टाकलं की लगेच पेठेची गजबज.

पण या घरानं काय काय पाहिलंय बघा. १८६३ ला इथं बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं, फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून, आणि तिथंच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, तो यशवंत. १८६८ ला घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आज आपण ही ओळ पाठ्यपुस्तकात वाचून पुढं जातो, पण तेव्हा घरच्या पाण्याला कुणाला हात लावू द्यायचा यावर अख्खी भावकी उलटायची, हे लक्षात घ्या.

आणि शेवट तर मला कधीच विसरता येत नाही. मला मिठात घालून पुरा असं जोतीरावांनी मृत्युपत्रात लिहिलेलं, नगरपालिकेनं परवानगी दिली नाही म्हणून दहन करावं लागलं. दत्तक मुलाच्या हक्कावरून नातेवाईक आडवे आले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढं धरायचं मडकं, धरलं. १८९० मध्ये, एका बाईनं! अस्थी याच घराच्या आवारात आहेत.

भिडेवाड्याचं काय झालं आपण पाहिलं. १८४८ ची मुलींची शाळा जिथं भरली ती वास्तू वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत पडून राहिली आणि २०२३ च्या डिसेंबरात पाडावी लागली. तिथं स्मारक होईल, होऊ दे, पण मूळ भिंती गेल्या त्या गेल्याच. फुले वाडा अजून उभा आहे, म्हणून जास्त जपायला हवा.

आता सावित्रीबाईंच्या स्मारकाला जोडून आवार वाढवायचं चाललंय. वाढवा, माझी ना नाही. फक्त मूळ घर ग्रॅनाइट आणि मोठ्या कमानींमध्ये हरवू नका. आणि आजूबाजूच्या ज्या कुटुंबांची घरं जातील त्यांना शहराच्या टोकाला पाठवू नका, ज्या माणसानं दारातलं पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना खुलं केलं त्याच्या स्मारकासाठी तेच शेजारी उठवायचे, हे कसं चालेल? पुनर्वसन याच पेठेत, आणि पहिली भिंत पडायच्या आधी लेखी.