स्थळं बघण्याआधी हे बोला

तुळशीचं लग्न झालं की घरोघरी स्थळं बघायला सुरुवात होईल. पत्रिका, रक्तगट, पगार, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, आईवडील सोबत राहणार का, सगळं विचारलं जाईल. शरीरसंबंधांची इच्छा हा विषय मात्र 'ते होतं आपोआप' म्हणून सोडून दिला जाईल. काही माणसांच्या बाबतीत ते आपोआप होत नाही, कधीच होत नाही. मी त्यांच्यातली एक. मी असेक्शुअल आहे. मला पुरुषाबद्दल लैंगिक आकर्षण वाटत नाही, स्त्रीबद्दलही वाटत नाही, आणि आठवतंय तेव्हापासून हे असंच आहे.

हॉस्टेलवर रात्री मैत्रिणींच्या गप्पा रंगायच्या तेव्हा मी एका क्रिकेटपटूचं नाव ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं की तेच सांगायचं. पुढे लग्नाचं वय झालं तशी नातेवाइकांनी आपापली कारणं शोधली. कुणीतरी फसवलं असणार. लहानपणी काहीतरी वाईट घडलं असणार. शिकून डोक्यात हवा गेली. आईने शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल निघालं. रिपोर्ट बाजूला ठेवत बाई म्हणाल्या, "लग्न करून टाका, मग होईल सगळं नीट." या सल्ल्यात दुसऱ्या एका माणसाचं आयुष्य पणाला लागतं, हे त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही.

सगळ्यात जास्त त्रास मला कौतुकाचा झाला. "किती सात्त्विक गं तू, मोहातून सुटलीस," असं एक मावशी अजूनही सगळ्यांसमोर म्हणते. ब्रह्मचर्य पाळणाऱ्याला इच्छा असते, तो ती आवरतो. माझ्याकडे आवरायला काहीच नाही, मग व्रत कसलं? आणि मी विरक्तही नाही. मला माणसं लागतात, घर लागतं, आजारपणात उशाशी बसणारं कुणीतरी लागतं. माझ्यासारख्यांपैकी कित्येक जण प्रेमातही पडतात, त्यांना जोडीदार हवा असतो, काहींना मूलही हवं असतं. काहींना खूप जवळीक झाल्यावरच क्वचित आकर्षण वाटतं. काहींना यातलं काहीच नको असतं. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

हे आत्ताचं, इंटरनेटवरचं खूळ नाही. अमेरिकेत लैंगिकतेचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सी यांनी 1948 साली माणसांच्या लैंगिक ओढीची मोजपट्टी मांडली, तेव्हा कुणाकडेच ओढ न दिसणाऱ्या, म्हणून तिच्यात न बसणाऱ्यांसाठी 'एक्स' असा वेगळा गट ठेवावा लागला होता. 2004 मध्ये अँथनी बोगार्ट या संशोधकाने ब्रिटनमधल्या 18 हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचा अभ्यास केला. सुमारे 1 टक्का लोकांनी सांगितलं होतं की आपल्याला कधीच कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये, पण निम्मा धरला तरी दोनशे पानांच्या पंगतीत एखादं माणूस निघेल. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या डीएसएम-5 या निदानाच्या पुस्तिकेतही स्पष्ट लिहिलंय की जो स्वतःला असेक्शुअल म्हणवतो, त्याच्यावर कामेच्छेच्या विकाराचं निदान लादू नये.

पुरुषांचे हाल तर बोलायलाच नकोत. ओळखीतल्या एका मुलाचं घरच्यांनी घाईने लग्न लावलं. वर्षाच्या आत सासरच्यांनी चारचौघांत 'नामर्द' म्हटलं, आणि घरच्यांनी गल्लीबोळातल्या दवाखान्यांतून पुड्या आणून खाऊ घातल्या. त्याला कसलाही आजार नव्हता. ती मुलगीही यात भरडली गेली. तिचं काय चुकलं होतं? दोघांनाही लग्नाआधी कुणी अर्धा तास बोलू दिलं असतं तर हे टळलं असतं.

कायद्यातही आमचं 'नको' कुठेच नीट बसत नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम 25 नुसार जोडीदाराच्या जाणूनबुजून दिलेल्या नकारामुळे लग्नानंतर संबंध आलेच नसतील तर लग्न रद्द करून घेता येतं. 2007 च्या समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रौर्याची जी उदाहरणं दिली, त्यांत शारीरिक अक्षमता किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ संबंध नाकारणं हेही आहे. संबंध हवे असलेल्या जोडीदाराला सुटका मिळायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नाकारणारी पत्नी असेल आणि नवऱ्याने जबरदस्ती केली तर? ती सज्ञान असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मधला अपवाद त्याला बलात्कार मानत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेता येतो. ज्या मुलीला स्वतःला काय होतंय हेच ठाऊक नाही, ती त्या कायद्यापर्यंत पोहोचणार कशी?

म्हणून मला वाटतं, आमची ओळख समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे लोकांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या प्राईडच्या मोर्च्यापेक्षा आधी वधूवर सूचक मंडळांत आणि विवाहपूर्व समुपदेशनाच्या खोल्यांत पोहोचायला हवी. मोर्चाही हवाच. तिथेसुद्धा "तुम्हाला कोण त्रास देतं?" असं विचारणारे भेटतात, त्यांना वरचा परिच्छेद वाचायला द्या. पण फॉर्ममध्ये रकाना वाढवा, असं मी म्हणत नाही. लहान गावात तो रकाना संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होईल. समुपदेशकांनी मुलाशी आणि मुलीशी वेगवेगळं, आईवडिलांना बाहेर बसवून बोलावं. 'ही इच्छा नसलेली माणसंही असतात आणि ती निरोगी असतात' हे वाक्य त्यांनी स्वतःहून उच्चारावं. ऐकणाऱ्याला मग स्वतःबद्दल सांगायला जागा मिळते.

आणि आईबाबांनो, पोरगं किंवा पोरगी "मला त्यात रस नाही" म्हणाली तर लगेच डॉक्टर आणि ज्योतिषी गाठू नका. "मग तुला कसं राहायला आवडेल?" एवढं विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.