‘ओके’चा युद्धाशी संबंध नाही

युद्धात एकही सैनिक मेला नाही की ‘झिरो किल्ड’ म्हणजे ‘0 K’ लिहायचे, त्यावरून ‘ओके’ आलं, ही एका लेखात आलेली कथा झकास आहे, पण तिला कागदोपत्री आधार नाही. छापील ‘ओके’ सापडतं २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या अमेरिकी वर्तमानपत्रात. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायचा पोरकट नाद तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना लागला होता. ‘ऑल करेक्ट’मधल्या ए आणि सीच्या जागी ओ आणि के घातले, झालं!

असली बाकीची आद्याक्षरं विरली. हे तगलं, कारण १८४० च्या निवडणुकीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या गावावरून ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत हीच अक्षरं उचलली. (तरी गडी पडलाच.) जुने अंक चाळून हे सगळं १९६० च्या दशकात भाषाअभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी मांडलंय.