आणखी किती संयम ठेवायचा?

क्लबवाले सांगतात, संयम ठेवा म्हणे! आमच्या आइस हॉकी संघानं, टोरांटो मेपल लीफ्सनं, शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला १९६७ साली. माझा जन्मही नव्हता तेव्हा. संघ बांधणारे जनरल मॅनेजर येतात, जातात, आम्ही आहोत तिथेच.

अरे, लीग प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घालते, आणि यांनी त्यातले जवळजवळ निम्मे पैसे चार फॉरवर्डवर, म्हणजे आक्रमक खेळाडूंवर, ओतले होते, मग बचावफळीला आणि गोलरक्षकाला उरणार काय? हे गणित शाळकरी पोराला कळतं! २०२१ मध्ये माँट्रियलविरुद्ध सात सामन्यांच्या बाद फेरीच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना मालिका घालवली, तरी पुढे तीच चौकडी.

आणि २०२५? फ्लोरिडाविरुद्ध निर्णायक सातवा सामना, घरच्या बर्फावर, १-६ असा हरलो. निळी जर्सी घालून शेवटपर्यंत जागी राहिलेली माझी लेक रडत झोपली. त्याच मोसमात कार्लो आणि लॉटन या दोन खेळाडूंसाठी पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे तरुण खेळाडू निवडायचे हक्क, देऊन टाकले होते. नंतर त्या चौकडीतला मार्नर व्हेगासच्या संघात गेला, बदल्यात मिळाला एकटा रॉय. म्हणजे उद्याची पोरंही गेली आणि आजचा खेळाडूही. एवढं सगळं उधळून दुसऱ्या फेरीतच घरी बसायचं, आणि आम्हाला सांगायचं की योग्य दिशेनं चाललंय! कुठली दिशा?